बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

देवीदास शहारे सर सातव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी हजेरी घ्यायचे नाहीत. आत आले, की खडू उचलायचे आणि एकापासून सातपर्यंतचे आकडे फळ्यावर एकमेकांना चिकटवून लिहायचे: १२३४५६७. मग हात झटकून म्हणायचे, "ही नवी मुलगी वर्गात आली आहे. हिची ओळख काढा."

पोरं हात धुऊन तिच्या मागे लागायची. कोणी सांगे, विषम आहे. कोणी सांगे, शेवटी सात आहे म्हणजे ही कोणाचाच वर्ग नाही, कारण वर्गसंख्येच्या शेवटी सात कधी येतच नाही. आकड्यांची बेरीज अठ्ठावीस, म्हणून तीनने जात नाही. इथे सर मूळ विषय सोडून अठ्ठावीसच्याच कौतुकाला लागायचे. तिला भागणारे एक, दोन, चार, सात, चौदा मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच येतात, अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात, आणि माणसांत असं कोणी मला अजून भेटायचं आहे, असं ते सांगायचे. मग खरा प्रश्न यायचा. ही मूळ संख्या की संयुक्त? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कोणी भागतं की नाही? वर्ग दोन, तीन, पाच, सात असा भागत भागत कसाबसा तेवीसपर्यंत पोचायचा आणि घंटा व्हायची.

"सर, तुमाले तं मालूम असन," एखादं पोरगं म्हणायचंच.

"मला वाटते, मूळ आहे," सर म्हणायचे. "पण वाटणं म्हणजे गणित नव्हे. आणि मीच उत्तर काढून बसलो, तर पुढच्या वर्षी काय विचारू?"

ओमेश्वरी पटले या वर्गातून बाहेर पडली त्याला आठ वर्षं झाली होती. २००३ च्या मे महिन्यात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन गोंदियाहून गावी आली, तेव्हा आमगावच्या बसमध्येच तिला बातमी लागली, की शहारे सर तीस जूनला रिटायर होत आहेत. तिला एकदम चुटपुट लागली. आता पुढचं वर्षच नव्हतं. सरांनी जो प्रश्न एवढी वर्षं जपून ठेवला होता, तो आता कोणासाठी जपायचा? तिने ठरवलं, की निरोपाच्या दिवशी सरांना शाल नाही, नारळ नाही, उत्तर द्यायचं.

निरोप समारंभाच्या समितीचा प्रमुख भैय्यालाल कटरे. तीस एकराचा मालक, सरांचा अगदी पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, आणि गणितात दोनदा नापास झालेला. त्याला ही कल्पना फार आवडली. "वा बेटा, क्या बात है," तो म्हणाला. "मूळ निघाली की सांगजो. पितळेची पाटी कोरून घेतो."

निघाली तर, असं म्हणायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर ओमेश्वरीच्याही आलं नाही.

काम दिसतं तेवढं वेडगळ नव्हतं. अकराशे अकराचा वर्ग केला की १२३४३२१ येतात, म्हणजे आपल्या संख्येच्या जरासे अलीकडे. तेव्हा अकराशे अकराच्या पुढे जायची गरजच नव्हती. त्याच्या पुढचा एखादा भाजक असता, तर त्याचा जोडीदार अलीकडे सापडलाच असता. आणि अलीकडच्याही सगळ्या संख्यांनी भागायचं नव्हतं, फक्त मूळ संख्यांनी. ओमेश्वरीने दोन ते अकराशे अकरा मांडले, दोन ठेवून त्याच्या पटीतले खोडले, तिनाच्या खोडले, पाचाच्या खोडले, असं करत गेली आणि शेवटी एकशे शहाऐंशी संख्या उरल्या.

"काय निवडून राहिली व?" तिची आई सुंदरबाई सुपातले तांदूळ पाखडताना म्हणाली.

"आकडे."

"रांध मंग आज तेच."

पहिल्या दहा संख्या, म्हणजे एकोणतीसपर्यंतच्या, ओमेश्वरीने अर्ध्या दिवसात उरकल्या. एकीनेही भाग जाईना. उरलेल्या एकशे शहात्तर मात्र तिला जड जाऊ लागल्या. कॅल्क्युलेटर मैत्रिणीकडे होता, पण तो दशांशात उत्तर देऊन मोकळा व्हायचा आणि सर तर नेहमी बजावायचे, बाकी दाखवा. तिसऱ्या दिवशी तिचा बाप धनलाल तिच्या मागे येऊन उभा राहिला.

धनलाल गावचा मापारी. शाळा चौथीतच सुटलेली, पण पाढे असे पाठ, की झोपेत विचारले तरी चुकायचे नाहीत. दिवाळीनंतर खळ्यावर धानाची रास पडली, की मालक त्यालाच बोलावणं पाठवी. कुडो म्हणजे धान मोजायचं माप, आणि वीस कुडो झाले की खंडी. धनलाल राशीपुढे उकिडवा बसून कुडो भरायचा, हाताने सपाट करायचा, पोत्यात ओतायचा. मधे कोणी बोललं, कोणी विडी पुढे केली, बैल सुटले, तरी त्याचा आकडा हलायचा नाही. तीस वर्षांत त्याने मोजलेली रास कोणी दुसऱ्यांदा मोजली नव्हती. त्याच्या आधीचा मापारी उदाराम एकदा एका खंडीला चुकला होता, एकदाच. त्यानंतर उदारामला कोणी खळ्यावर बोलावलं नाही, आणि गावात नुसतं बसून राहवेना म्हणून तो मुलाकडे निघून गेला.

"हे भागाकार होय ना?" धनलालने विचारलं. "आन इकडे. तू लय हळू करून राहिली. उन्हाळाभर मले तरी काय काम हाये?"

ओमेश्वरीने त्याच्यासाठी कागद आखले. एकेका कागदावर वीस संख्या घातल्या, कारण खंडीच्या हिशेबात बापाला बरं वाटेल. आठ कागद पुरे भरले आणि नवव्यावर सोळा आल्या. धनलाल रोज सकाळी न्हाऊन, कपाळाला गंध लावून पडवीत बसायचा आणि भागायचा. प्रत्येक कागदाच्या माथ्याशी त्याने हळदीचा ठसठशीत टिपका लावला होता. नव्या वहीला लावतात तशी हळद असेल, आणि हात जरा खाली सरकून ती पहिल्याच बाकीवर बसली असेल, असं ओमेश्वरीला वाटलं. तिने अधूनमधून पाच-सहा संख्या स्वतः करून पाहिल्या. सदतीसने भागून पंचवीस उरतात, बरोबर. अकराशे नऊने भागून अडीचशे उरतात, तेही बरोबर. तिने पुढचं तपासायचं सोडून दिलं. धनलालचं मोजलेलं गावात कोणी पुन्हा मोजत नव्हतं, मग पोरीने तरी कायला मोजावं?

जूनच्या मध्यावर नऊही कागद झाले. कुठेच शून्य नव्हतं. ओमेश्वरी उड्या मारत भैय्यालालकडे गेली आणि म्हणाली, "काका, मूळ आहे!" भैय्यालालने पहिला कागद नमुना म्हणून ठेवून घेतला आणि संख्या नीट उतरवून पाटी कोरायला गोंदियाला धाडली.

एकोणतीस जूनला, रविवारी दुपारी, ओमेश्वरी सरांना द्यायची पक्की प्रत लिहीत बसली. धनलाल शेजारी कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"बाबा, या हळदीखाली किती उरले?"

"कोन्त्या?"

"दुसऱ्या कागदावरच्या. एकशे सत्तावीसच्या."

"तिच्याखाली काही नाही," धनलाल मान वर न करता म्हणाला. "ते देवाची हाये."

ओमेश्वरीला हसू आलं आणि लगेच गेलं. खळ्यावर धनलाल दर खंडीचा पहिला कुडो सुपात वेगळा काढून ठेवायचा. तो देवाचा, तो मोजायचा नाही, त्याला आकडाच नाही. मोजणी त्याच्या पुढच्यापासून. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं, ओमेश्वरीनेही लहानपणापासून पाहिलं होतं. आता तिने आठही कागद पसरले. प्रत्येकाच्या माथ्यावर एक टिपका, आणि टिपक्याखाली कोरा कागद. भैय्यालालकडचा धरून नऊ कागद, नऊ संख्या, आणि त्या नवांना कोणी हातच लावला नव्हता.

"बाबा, हे धान नाही होय! प्रत्येकीने भागायचं होतं!"

"देवाच्या वाट्याचं कोनी मोजते काय?" तो म्हणाला खरा, पण त्याचा हात थांबला होता. त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली. "एकशे सदुसष्ट नाही गेल्या, तं नवानं काय होते? दे इकडे. देवाले मी सांगतो."

पहिला कागद घरी नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्यापासून सुरुवात केली. एकशे सत्तावीस. बाराशे चौतीसमध्ये नऊ वेळा, उरले एक्क्याण्णव. पाच खाली आला, नऊशे पंधरा, सात वेळा, उरले सव्वीस. सहा खाली आला, दोनशे सहासष्ट, दोन वेळा, उरले बारा. आता शेवटचा सात उतरवायचा होता. धनलालने तो बाराच्या शेजारी लिहिला आणि दोघं त्याच्याकडे बघत राहिले. बारा आणि सात मिळून एकशे सत्तावीसच उभे होते. एक वेळा. बाकी काही नाही.

"नऊ हजार सातशे एकवीस," धनलाल हळूच म्हणाला. "पूर्ण गेला."

मूळ नव्हती. महिनाभर दोघांनी भागणारी जी संख्या दारोदार शोधली, ती देवाच्या सुपात जाऊन बसली होती. ओमेश्वरीला आधी गंमतच वाटली, इतकी, की तिने स्वतः पुन्हा गुणून पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं आणि गंमत उतरली. धनलाल मातीच्या भिंतीकडे बघत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं मोजलेलं चुकलं होतं.

ती तडक भैय्यालालकडे गेली. पाटी येऊन पडली होती. पितळेवर सुबक अक्षरांत कोरलं होतं: आमच्या सरांची मूळ संख्या १२३४५६७.

"अब क्या होता है, बेटा?" भैय्यालाल म्हणाला. "पितळ काय खोडरबरानं पुसते? आन तिथं कोन भागून पाहून राहिला?"

"सर पाहतील."

"पाहू दे. घरी गेल्यावर पाहतीन. चुकलं कोन पर?"

"मी," ओमेश्वरी पटकन म्हणाली. भैय्यालालच्या कानात गेलेलं संध्याकाळपर्यंत पाच गावांत जायचं, आणि सगळ्यात मोठी रास त्याच्याच खळ्यावर पडायची. बापाचं नाव तिने तिथे घेतलं असतं, तर दिवाळीनंतर धनलालला कोणी विचारलं नसतं. उदारामचं काय झालं ते तिला माहीत होतं.

"मंग चूप राह्य," भैय्यालालने सल्ला दिला. "हार घाल, भाषण दे, पोहे खा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत माणसं मावेनात. बाया पुढे सतरंजीवर, पुरुष मागे बाकांवर आणि दारात. धनलाल अगदी मागे, खांबाला टेकून उभा होता. भैय्यालालने पाटी सरांच्या हातात दिली, वर तो पहिला कागदही दिला. सरांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"मूळ!" ते म्हणाले. एवढा एकच शब्द, पण लहान पोराला जत्रेत हवं ते मिळावं असा त्यांचा चेहरा झाला होता. "कोणी काढलं हे?"

ओमेश्वरीला पुढे ढकलण्यात आलं. रात्रीच तिने मनाशी दोन भाषणं तयार केली होती, एक भैय्यालालच्या मनासारखं आणि एक दुसरं. सरांचा चेहरा बघून पहिलं करायचा तिला अतोनात मोह झाला. काय बिघडलं असतं? पण ज्या माणसाने वाटणं म्हणजे गणित नव्हे असं पढवलं, त्याच्या भिंतीवर जन्मभर खोटी पाटी टांगायची, हे तिच्याने होईना.

"सर, ही मूळ नाही," ती म्हणाली. "एकशे सत्तावीसने जाते. नऊ हजार सातशे एकवीस वेळा. पाटी चुकीची झाली. माझ्याकडून नऊ संख्या भागायच्या राहून गेल्या. चूक माझी आहे."

भैय्यालालने कपाळावर हात मारला.

"खोटं बोलून राहिली ते," मागून आवाज आला.

सगळी डोकी वळली. धनलालने खांब सोडला होता.

"भागाकार म्या केले, सर. सगळे म्याच केले. दर कागदावरचा पयला देवाचा म्हून बाजूले ठेवला, आन तुमची संख्या तिथंच लपून होती. पोरीची चूक नाही. माही हाये."

"धनलाल, बस गा खाली," भैय्यालाल दबक्या आवाजात म्हणाला.

धनलाल बसला नाही. माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि कोण काय विचार करतंय ते ओमेश्वरीला कळत होतं. गेल्या साली आपल्या खळ्यावर याने किती मोजले होते, हे जो तो आठवत होता. तिला रडू आवरेना.

सर मात्र कोणाकडेच बघत नव्हते. त्यांनी पाठ फिरवली होती आणि ते फळ्यावर गुणाकार करत होते. नऊ हजार सातशे एकवीस गुणिले एकशे सत्तावीस. खाली बेरीज आली, १२३४५६७, आणि सरांनी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"म्हणजे मी हिला इतकी वर्षं चुकीच्या नावाने हाक मारत आलो," ते म्हणाले. आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. "आणि ही आत बसलेली नऊ हजार सातशे एकवीस? ती मूळ की संयुक्त?"

ओमेश्वरीने डोळे पुसले. शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी पुन्हा भागावं लागेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिला एकदम दिसलं.

"नाही भागायचं, सर! एखादीने ही गेली असती, तर मोठीही गेलीच असती. आणि मोठी त्यांपैकी एकीनेही गेलेली नाही. एकोणतीसपर्यंत मी आणि पुढच्या बाबांनी भागून ठेवल्या आहेत. फक्त..." तिने सरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याच्या माथ्यावर हळद होती. "फक्त एकतीस राहिली."

"महिनाभराचं काम फुकट गेलं म्हणत होतात ना?" सर लोकांना म्हणाले, जरी कोणी तसं म्हटलेलं नव्हतं. "धनलालभाऊ, इकडे या."

धनलाल बायांमधून वाट काढत पुढे आला. शाळा सुटल्यापासून त्याने खडू हातात धरला नव्हता. त्याने तो बोटांत फिरवून पाहिला आणि लिहायला लागला. सत्त्याण्णवमध्ये तीन वेळा, उरले चार. बेचाळीसमध्ये एक वेळा, उरले अकरा. एकशे अकरात तीन वेळा.

"अठरा उरले," तो म्हणाला.

"मग ही मूळ," सर म्हणाले. "मोठीच्या पोटात दोनच मूळ संख्या आहेत, तिसरी कोणी नाही. आज हिची ओळख पूर्ण झाली." त्यांनी टाळी वाजवली, एकट्यानेच. मग पुढच्या बाया वाजवू लागल्या, मग बाकीचे.

धनलालने खडू परत दिला.

"तुमचं निघालं, सर. बरं झालं," तो म्हणाला. "माहं मात्र बुडालं. आता कोनी बोलवन नाही."

तो हळू बोलला होता, पण पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या थांबल्या. भैय्यालाल पाटीवरची धूळ पुसू लागला, जी नव्हतीच. कोणी तरी काही म्हणेल म्हणून ओमेश्वरी वाट बघत राहिली, पण एकही मालक बोलला नाही.

"माझी दीड एकर आहे तळ्याखाली," सर म्हणाले. "आजवर दुसऱ्याला कसायला दिली होती. आता रिकामाच आहे, यंदा स्वतः करणार. दिवाळीनंतर रास पडली की मोजायला याल?"

सरांच्या मोहल्ल्यात धनलाल कधी मापाला गेला नव्हता. तिकडून कधी बोलावणं आलं नव्हतं, आणि आलं असतं तर तो गेला असता की नाही, हे ओमेश्वरीलाही सांगता आलं नसतं. धनलालने सरांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिलं.

"येईन," तो म्हणाला.

"पण एक सांगून ठेवतो. आम्ही विहारात जाणारी माणसं. आमच्याकडे देवाचा कुडो निघत नाही. माझ्या राशीवर तुम्हाला पहिल्यापासून मोजावं लागेल."

धनलालने फळ्यावरच्या एकतीसकडे पाहिलं. मग त्याने खडूचा हात धोतराला पुसला.

"मोजीन," तो म्हणाला. "पयल्यापासून मोजीन, सर."